नोलीनच्या भिंतींची इर्जिक

रसेलचा फायदा काय होता ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे जावयावर उगाच आळ घेतला असं पुढे कुणी म्हणायला नको.

नोलीन एकदा वृद्धाश्रमात गेली की घर तिच्या एकुलत्या एका मुलीच्या, म्हणजे रसेलच्या बायकोच्या, जिलियनच्या, हातात येणार होतं. घर लाकडी, शंभरी ओलांडलेलं, भुंगेऱ्यांनी पोखरलेलं. घराची त्याला आस नव्हती. आस होती जागेची. समोर आमच्या रिव्हर्टन गावच्या खाडीचं तोंड, होड्या पाण्यात उतरवायचा उतार हाकेच्या अंतरावर. रसेलची होडी शहरात, इन्व्हरकार्गिलला, गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली झोपून असायची. इथे सुट्टीचं घर झालं असतं तर ती बिचारी निदान ओली तरी झाली असती. शिवाय जिलियन दर रविवारी आईकडे यायची आणि रसेलला शनिवारचं उरलेलं गरम करून खावं लागायचं, तेही थांबलं असतं. आणि एक फायदा तो मोठ्यानं बोलून दाखवायचा, "एकदाची सासूबाईंची काळजी मिटेल." ही काळजी त्याला खरोखर होती, हे त्याच्या जमेला धरलंच पाहिजे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची काळजी आणि त्याची सोय नेहमी एकाच गाडीतून यायच्या.

नोलीनचा हिशोब एका ओळीचा होता. तिला त्या घरातून बाहेर पडायचं नव्हतं. बाहेर पडलेलं माणूस परत येत नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तीन घरं सोडून डल्सी राहायची. न्हाणीघराची दुरुस्ती होईपर्यंत म्हणून तिला दोन आठवड्यांसाठी वृद्धाश्रमात नेलं. न्हाणीघर सुंदर झालं. आता त्यात डनीडिन शहराचे पाहुणे आंघोळ करतात, आणि डल्सीच्या ओट्यावर दोन निळ्या कायाकी, त्यांच्या वल्ह्याच्या अरुंद होड्या, उलट्या टाकलेल्या असतात. नोलीन दुकानात जायची ती त्या कायाकींकडे न बघता, पलीकडच्या पदपथावरून.

सगळं सुरू झालं ते नोलीनच्या खरं बोलण्यानं. विमा कंपनीच्या मुलीनं फोनवर सहज विचारलं, "आजी, घराच्या भिंतींत तरट आहे का हो?"

"आहे की," नोलीन म्हणाली, "सगळ्या खोल्यांत आहे. एकदम चांगलं आहे. बघायला येतेस का?"

आमच्याकडच्या जुन्या घरांना आतून भिंती नसतातच म्हटलं तरी चालेल. ओबडधोबड फळ्या, फळ्यांवर बारीक खिळ्यांनी ताणून ठोकलेलं तरट, आणि तरटावर कागद. कागदावर कागद, त्याच्यावर आणखी कागद, दर नव्या नवरीचा एक. ठिणगी पडली तर सगळं घर काडीपेटीसारखं पेटतं म्हणून विमावाले हल्ली त्याला भितात. तरट काढा, नाहीतर विमा विसरा, असं त्या मुलीनं फारच गोड आवाजात सांगितलं.

नोलीनला मात्र त्या तरटाचा एक उपयोग होता. वारा बाहेरच्या फळ्यांतून आत शिरायचा, तरटामागे भरायचा आणि भिंत फुगायची. वारा पडला की परत बसायची. घर श्वास घेतंय असंच वाटायचं. दक्षिणेचा वारा यायच्या आधी तिच्या खाटेमागची भिंत अगोदर आत ओढली जायची आणि मग गलबताच्या शिडासारखी पोट काढायची. ते दिसलं की नोलीन उठून दोरीवरचे कपडे काढायची. आणि नोलीनची दोरी रिकामी दिसली की आमची सगळी गल्ली टोपल्या घेऊन परसात धावायची. रेडिओवर हवामान सांगतात, ते आम्ही फक्त करमणूक म्हणून ऐकायचो.

विम्याचं ऐकल्यावर रसेल पुढच्याच रविवारी जिलियनबरोबर आला. तो रविवारी कधी यायचा नाही, त्यामुळे नोलीननं दार उघडतानाच एक हात चौकटीवर ठेवला.

"नोलीन, तुम्ही काही काळजी करू नका," तो म्हणाला. "मी इर्जिक बोलावतो. एका शनिवारात सगळ्या भिंती मोकळ्या. सोमवारी केल्विन येईल आणि जिप्समबोर्ड ठोकून देईल."

"केल्विन येतो म्हणाला?"

"बोललोय मी त्याच्याशी."

"आणि तोवर मी कुठे झोपू?"

"आम्ही वृद्धाश्रमात एक खोली बघून ठेवलीय. अगदी तात्पुरती. फार तर दोन आठवडे."

दोन आठवडे म्हटल्यावर नोलीननं हातातला कप बशीवर आपटून ठेवला. जिलियन खिडकीतून खाडीकडे बघत बसली. ती रसेलच्या बाजूला होती की आईच्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं. असं माणूस नेहमी खिडकीजवळची खुर्ची धरतं.

"मे महिन्यात, रसेल? थंडीच्या तोंडावर भिंती काढायच्या?"

"विमावाले उन्हाळ्यापर्यंत थांबणार आहेत का?"

हे खरं होतं. पृथ्वीच्या आमच्या खालच्या टोकाला जूनमध्ये हिवाळा लागतो, हेही खरं होतं. रसेलचं बरंचसं बोलणं खरं असायचं, म्हणून तर पंचाईत.

आता इर्जिकेबद्दल. गावात कुणाचं मोठं काम निघालं की तो माणसं बोलावतो. येणारा आपापली हत्यारं आणतो, सोबत ताटभर काहीतरी खायला आणतो. बोलावणारा चहा, चीज रोल आणि शेवटी बिअर देतो. याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, त्यामुळे ते मोडायची कुणाची हिंमत नाही. त्यातला मोठा नियम असा, की जे उघडलं ते झाकायचं काम बोलावणाऱ्याचं. हार्वीनं एकदा लोकरीच्या शेडचं छप्पर उतरवायला माणसं बोलावली आणि नवे पत्रे आणायला विसरला. त्याला तीस वर्षं झाली. त्याच्या नातवालासुद्धा गावात 'उघड्या हार्वीचा' म्हणतात.

रसेल शहरातला. त्यानं इर्जिकेतला चहा आणि बिअर तेवढी लक्षात ठेवली होती.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे जमलो. तोंडाला फडकी, हातात पकडी आणि पातळ पाती. नोलीननं पहाटेपासून चीज रोल भरले होते. ताटं घेऊन ती खोल्याखोल्यांतून फिरत होती, आणि जिथे काम चाललं असेल तिथे जरा जास्तच वेळ उभी राहत होती. शेजारची मेरेआना सगळ्यांत आधी आली होती. नोलीनपेक्षा दोन वर्षांनी लहान, आवाजानं दुप्पट मोठी. अर्धं गाव तिला आंटी म्हणतं, उरलेल्या अर्ध्यात तिचे खरोखरचे भाचे-पुतणे.

तरटावरचा कागद खरवडायचा नसतो. नवखा माणूस पाणी मारतो, वाफ देतो आणि ओल्या तरटाच्या वासानं आठवडाभर जेवत नाही. खरी रीत मेंढी सोलायची. छताच्या कडेला आडवं पातं फिरवायचं, दोन कोपरे मोकळे करायचे आणि दोघांनी मिळून ओढायचं. भिंत अख्खी खाली येते. कागदाचे थर इतके जड, की खाली पडताना ओल्या घोंगडीसारखा आवाज होतो, आणि पाठोपाठ शंभर वर्षांची धूळ.

बैठकीची खोली गेली. मधला बोळ गेला. उलट्या पडलेल्या थरांमधून गुलाब निघाले, निळ्या पट्ट्या निघाल्या, सत्तर सालचे नारिंगी गोल निघाले.

"हे गोल कुणी निवडले गं?" मेरेआना ओरडली.

"क्लिफनं," नोलीन म्हणाली. क्लिफ तिचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"म्हणूनच देवानं लवकर नेला."

"लवकर कुठला! ते गोल बघत तो पुढे चाळीस वर्षं जगला."

सगळे हसले. नोलीनही हसली, पण तिची नजर बोळाच्या टोकाला होती. तिथे तिची झोपायची खोली. ती खोली सगळ्यांत शेवटी काढायची, असं तिनं सकाळीच चार जणांना सांगितलं होतं. केल्विन येईपर्यंत एक तरी खोली झोपण्याजोगी राहील, हा तिचा हिशोब. एक खोली राहिली तर घर सोडायचं कारणच उरत नाही. आणि नेमका हाच हिशोब रसेलनंही उलट्या बाजूनं केला होता.

तो शिडी घेऊन झोपायच्या खोलीत गेला.

नोलीननं ताट तिथेच खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि मागोमाग गेली. "रसेल, ही आज नको."

"माणसं आलीत तोवर उरकून घेऊ, नोलीन. परत कोण बोलावणार?"

"ही एक राहू दे. केल्विन सोमवारी येतोय ना? सोमवारी सकाळी मी स्वतः ओढते."

"तुम्ही? या वयात?" तो शिडीवर चढला, हसत हसत, प्रेमानंच. "तुमची बॅग भरलीय ना? जिलियननं गाडीची मागची सीट मोकळी केलीय."

नोलीननं शिडीचा पाय धरला. ओढायला धरला की आधार द्यायला, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. तिच्या हातांना पिठाचा वास होता. वर पातं फिरायला लागलं, कर्र्र, एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे.

त्याच वेळी चीज रोल शोधत मेरेआना दारात आली.

"सोमवारी कोण येतंय म्हणालात?"

"केल्विन," रसेल वरूनच म्हणाला.

"कोणता केल्विन?"

"प्लास्टरवाला. केल्विन. तुमच्या इथलाच."

"आमच्या इथलाच म्हणजे? माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे तो." मेरेआना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तो बेटावर गेलाय. मटनबर्ड धरायला. सगळं कुटुंब गेलंय, एप्रिलमध्येच. मे संपल्याशिवाय होडी त्यांना आणायला जात नाही. तिथे फोन नाही, काही नाही. तू त्याच्याशी बोललास म्हणजे काय, पक्ष्यांच्या हाती निरोप दिलास?"

मटनबर्ड म्हणजे खारवून खायचा समुद्रपक्षी; त्याची बेटं आमच्यापासून समुद्रापलीकडे आहेत, आणि वडिलोपार्जित हक्क असलेली घराणी दर वर्षी पिल्लं धरायला तिथे जातात. हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. ट्रॅक्टर विकणाऱ्या रसेलला माहीत नव्हतं, कारण बेटावर ट्रॅक्टर लागत नाही. आणि तो 'बोललोय' म्हणाला म्हणून यंदा केल्विन गेलाच नसेल, असं नोलीननं धरलं होतं.

"मी... मार्चमध्ये बोललो होतो," रसेल म्हणाला.

"आणि तो काय म्हणाला?"

तोवर पातं दुसऱ्या कोपऱ्याला पोचलं होतं. भिंतीला कुणी हातसुद्धा लावला नाही. आपल्याच वजनानं वरून ती पुढे झुकली, क्षणभर थांबली, आणि थकलेलं माणूस बसतं तशी खाटेवर बसली.

मागे फळ्या. फळ्यांमध्ये बोटबोटभर फटी. फटींतून बाहेरचा उजेड, आणि उजेडाबरोबर वारा. नोलीनच्या उशीचा अभ्रा हलायला लागला.

बोळातले सगळे दारात गोळा झाले होते. कुणाच्या हातात पकड, कुणाच्या हातात अर्धा खाल्लेला रोल. आम्ही मदत करायला आलो होतो आणि एका म्हातारीचं घर सकाळभरात उघडं पाडलं होतं. हे एकदमच सगळ्यांच्या लक्षात आलं.

"केल्विन काय म्हणाला, रसेल?" या वेळी नोलीननं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"सप्टेंबर म्हणाला," रसेल शिडीवरून उतरला. "पण मी दुसरा कुणीतरी बघणारच होतो. आणि तिकडची खोली उबदार आहे, नोलीन. पाहिजे तेवढे दिवस..."

"दोन आठवडे म्हणाला होतास."

नोलीन खाटेच्या कडेवर, पडलेल्या कागदाशेजारी बसली. मेरेआनाचं घर नातवंडांनी भरलेलं, हे तिला माहीत होतं. आमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही कारण तिला माहीत होतं. मग तिनं जे विचारलं ते तिला धूर्तपणानं सुचलं, असं गाव आज म्हणतं. मी तिच्या चेहऱ्यासमोर उभी होते. धूर्तपणा नव्हता तो. बुडणाऱ्या माणसाच्या हाताला जे लागलं ते तिनं धरलं.

"ही इर्जिक बोलावली कुणी?"

मागून म्हातारा हार्वी म्हणाला, "रसेलनं." ते म्हणताना त्याच्या आवाजात तीस वर्षांची वाट पाहणं होतं.

"मग भिंती झाकेपर्यंत मी रसेलकडेच राहीन," नोलीन म्हणाली. "वृद्धाश्रमात नाही. त्याच्या घरी."

रसेलनं जिलियनकडे बघितलं. इथेही खिडकीजवळची खुर्ची धरून बसलेली जिलियन पहिल्यांदाच उठली. पुढे आली, आईची बॅग उचलली. "चल, आई. पुढच्या सीटवर बस. मागे रसेल बसेल."

एवढ्या माणसांसमोर नाही म्हणायला वेगळा माणूस लागतो. रसेल मागे बसला.

इन्व्हरकार्गिलच्या त्या घरात नोलीनला मिळाली रसेलची खास खोली. तिथे त्याचा मोठा टीव्ही, आरामखुर्ची आणि रग्बीच्या जर्सी. नोलीननं तक्रार एका शब्दाची केली नाही, आणि हेच जड गेलं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, अंथरूण घडी करायची, रात्रीचा झगा बॅगेत ठेवायची आणि चेन ओढून बॅग बाहेरच्या दाराजवळ नेऊन ठेवायची. रोज. जणू आज निघायचंच आहे. रसेल न्याहारीला आला की विचारायची, "आज काही कळलं का रे, भिंतींचं?" त्यात टोमणा नव्हता. खरोखरची भीती होती, आणि भीतीला उत्तर देणं टोमण्यापेक्षा अवघड.

जिलियननं एकदा बॅग उचलून कपाटात ठेवली. "आई, हे तुझंच घर आहे."

"डल्सीलाही असंच म्हणाले होते," नोलीन म्हणाली, आणि बॅग परत दाराशी.

जूनमध्ये केल्विन बेटावरून परतला आणि मेरेआनानं नोलीनला बादलीभर खारवलेले मटनबर्ड पाठवले. ते आमच्याकडे अंगणात शिजवतात, कारण घरात शिजवले तर वास पडद्यांना लागतो आणि पडदे फाटेपर्यंत सोडत नाही. रसेलच्या घराला अंगणात चूल नव्हती. नोलीननं आधी विचारलं. जिलियन म्हणाली, "शिजव गं, आई. लहानपणापासून खाल्ले नाहीत." रसेल संध्याकाळी आला, तो दारातूनच गाडीकडे परत फिरला.

पण खरा मार बसला तो रसेलच्या ट्रॅक्टरच्या दुकानात. ट्रॅक्टर घेणारे सगळे आमच्याच बाजूचे शेतकरी. इंजिनाचा पट्टा घ्यायला आलेला माणूस पट्टा घ्यायचा, निघायचा, दारात थांबायचा. "काय रसेल, सासूबाईंच्या भिंती लागल्या का?" दुसरा यायचा, "केल्विन भेटला काल. बेटावर तुझा निरोप काही पोचला नाही म्हणाला." जून संपता संपता हार्वी स्वतः काठी टेकत आला. काहीच विकत घेतलं नाही. रसेलचा हात हातात घेऊन म्हणाला, "आता आपण दोघं झालो." आणि गेला.

जुलैच्या पहिल्या शनिवारी रसेल एकटाच रिव्हर्टनला आला. गाडीच्या मागे जिप्समबोर्ड आणि भिंतीत ऊब धरायला भरतात त्या लोकरीच्या पट्ट्या. आम्ही खिडक्यांतून बघत होतो. पहिला बोर्ड त्यानं तिरका लावला, काढला, परत लावला. दुपारी मेरेआना त्याला सूप देऊन आली. पुढच्या शनिवारी केल्विन आला, दारात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी सप्टेंबर म्हटलं होतं, दादा. तुलाच घाई." पण जाताना आपली सरळ करायची लांब पट्टी तिथेच विसरून गेला, मुद्दाम. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्हीही गेलो. न बोलावता गेलो, कारण त्या फटी आमच्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. छताजवळचे बोर्ड लावताना रसेलचा उजवा खांदा गेला. तो अजून वर होत नाही.

ऑगस्टमध्ये नोलीन घरी आली. भिंती गुळगुळीत, पांढऱ्या. नवा रंग, नवी ऊब. विमावाल्या मुलीनं फोनवर अभिनंदन केलं. नोलीननं प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीला तळहात लावून बघितला, मग रसेलजवळ येऊन म्हणाली, "छान केलंस, बाबा." रसेलला रडू आलं की खांदा दुखला, कोण जाणे. त्यानं तोंड फिरवलं.

दुसऱ्याच आठवड्यात दक्षिणेचा वारा आला. नोलीन जेवून पडली होती, भिंत गप्प. तिला काही कळलं नाही. तिची दोरी भरलेली दिसली म्हणून आम्हीही निवांत. वारा आला तो गल्लीतल्या सगळ्या चादरी घेऊन खाडीत गेला. मेरेआनाचा फुलाफुलांचा पलंगपोस दोन दिवस पाण्यातल्या तरंगत्या बोयाला अडकून फडफडत होता.

मेरेआना ओरडायलाच गेली होती. पण बोळात तिला बॅग दिसली. बाहेरच्या दारापाशी, चेन ओढलेली.

"ही अजून इथे का गं? घरी आलीस ना तू?"

"असू दे," नोलीन म्हणाली. आणि मेरेआना बाहेर पडल्यावर तिनं दाराला आतून कडी घातली. त्या दाराला कडी आहे हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तर हिशोब चुकता झाला तो असा. रसेलनं दिला एक हिवाळा, एक खांदा, आणि खाडीवरचं एक घर जे त्याचं कधी नव्हतंच. होडी अजून कोरडी आहे, आणि दर रविवारी तो जिलियनबरोबर येतो, कारण घरच्या पडद्यांचा वास अजून गेलेला नाही. जिलियनचे पडदे त्या वासानं कामातून गेले, तिची हरकत नाही. गल्लीनं चादरी दिल्या आणि आता रेडिओ लक्ष देऊन ऐकते. विमावाल्यांनी काही दिलं नाही. ते देत नसतात. या सगळ्यांचं खातं मिटलं. नोलीनला तिचं घर मिळालं. आणि ती रोज सकाळी उठते, अंथरूण घडी करते, झगा बॅगेत ठेवते, चेन ओढते. तिचं देणं अजून चालू आहे.